४ जीबीचं मशीन दुपारनंतर गोठतं: रॅम कमी, पेजिंग जास्त, की डिस्कच आजारी?

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच की दुसरं ते लगेच कळेल.

सकाळी मशीन सुरू केलं की पहिला तास बरा जातो. ब्राउझरचे चार-पाच टॅब, एखादी एक्सेल शीट, टॅली, सगळं चालतं. जेवणाची सुट्टी संपवून येऊन बसलं की रडगाणं सुरू. टॅब बदलला की पांढरं पान. सकाळपासून खाली दडपून ठेवलेली एक्सेलची विंडो वर काढली तर ती तुकड्यातुकड्यांनी उमटते, आधी चौकट, मग मेनू, मग आकडे. कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा एरवी लुकलुकतो, तो आता सलग पेटलेला. आतून कुरकुर ऐकू येते. वैतागून पाच-सहा क्लिक मारले तर मिनिटभराने ते सगळे एकदम लागू होतात आणि नको तेच बंद होतं. रीस्टार्ट केलं की बरं, दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच.

लिनक्स असेल तर चित्र जरा वेगळं दिसतं. बराच वेळ सगळं सुरळीत, कसलीच कुरबुर नाही, आणि मग एका क्षणी माउसचा बाणसुद्धा जागच्या जागी थिजतो. घड्याळ थांबतं. पाच-दहा मिनिटांनी एकतर मशीन शुद्धीवर येतं, नाहीतर ब्राउझर गायब झालेला असतो.

पंखा घोंघावतोय आणि तळ तापलाय, तर आधी धूळ आणि प्रोसेसर बघा. निळा पडदा येऊन मशीन आपोआप बंद होत असेल, तर तेही दुसरंच प्रकरण. एकच वेबसाइट हळू असेल तर मशीनचा दोष नाही.

मी एका पतसंस्थेची, दोन-तीन कर सल्लागारांची आणि एका शाळेची मशीनं सांभाळतो. जवळपास सगळी ४ जीबी रॅमची, निम्म्यांत अजून फिरती हार्ड डिस्क. "दादा, पुन्हा अडकलं बघा" हा फोन मला इतक्यांदा आलाय की तपासण्यांचा क्रम आता ठरून गेलाय. त्याच क्रमाने लिहितो.

नेमकं अडकतं कुठे

सिस्टिम रॅमचे ४ केबीचे तुकडे करते, त्यांना पानं म्हणायचं. रॅम भरत आली की बऱ्याच वेळात न लागलेली पानं डिस्कवर जातात. ती जागा म्हणजे विंडोजमध्ये पेजफाइल, लिनक्समध्ये स्वॅप, आणि ही ये-जा म्हणजे पेजिंग. पानं बाहेर जाताना तुम्हाला फारसं कळत नाही, ते मागच्या मागे चालतं. त्रास होतो तो पान परत हवं असतं तेव्हा, कारण ते येईपर्यंत प्रोग्राम हात बांधून उभा राहतो.

एकदा हिशोब करून बघा. लॅपटॉपमधली डिस्क मिनिटाला ५४०० फेऱ्या मारते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेरीला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे साडेपाच, आणि त्याआधी हेड तिथवर सरकायला दहा-बारा. म्हणजे विखुरलेली पानं सेकंदाला साठेक. साठ गुणिले ४ केबी, फक्त २४० केबी! टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के आणि वेग मात्र अर्धा-एक एमबी, हे कोडं इथे सुटतं. झोपलेल्या ब्राउझरची २०० एमबी परत आणायची तर ५१,२०० पानं, एकेक करून आणली तर चौदा मिनिटं. सुदैवाने सिस्टिम शेजारची पानंही सोबत उचलते. लिनक्स मुळात एका खेपेत आठ पानं आणतं. तरी पावणेदोन मिनिटं गेलीच. तीच पानं साध्या साटा एसएसडीवरून, म्हणजे फिरता भाग नसलेल्या डिस्कवरून, काही सेकंदांत येतात.

आता तपासण्या.

पहिली: शट डाउन नको, रीस्टार्ट करा

हसू नका. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. शट डाउन केलं की विंडोज स्वतःचा गाभा आणि ड्रायव्हर डिस्कवर जसेच्या तसे उतरवून ठेवतं आणि सकाळी तेच उचलतं. एखाद्या ड्रायव्हरने रॅम गिळायला सुरुवात केली असेल तर रोज रात्री शट डाउन करूनही ती गिळलेलीच राहते. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं कोरं होतं. पतसंस्थेतल्या काउंटरवरच्या मशीनवर एका प्रिंटरच्या ड्रायव्हरने हाच खेळ केला होता, आणि तिथले लोक "आम्ही रोज बंद करतो की" असं अगदी खरं सांगत होते.

रीस्टार्टनंतर दोन-तीन दिवस बरे गेले आणि हळूहळू पुन्हा बिघडलं, तर कुणीतरी गळती करतंय. त्याच दिवशी दुपारी बिघडलं, तर रॅमच पुरत नाही.

दुसरी: त्रास चालू असतानाच आकडे बघा

मशीन ठणठणीत असताना टास्क मॅनेजर उघडून काही कळत नाही. अडकेल तेव्हा कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबा आणि थांबा, तो उघडायलाही वेळ घेईल. परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. सगळे "इन यूज"चा आकडा बघतात. मी आधी "कमिटेड" बघतो. तिथे ६.१/७.४ असे दोन आकडे असतात. पहिला म्हणजे सगळ्या प्रोग्रामांना मिळून कबूल केलेली मेमरी, दुसरा म्हणजे रॅम आणि पेजफाइल मिळून असलेली मर्यादा. ४ जीबीच्या मशीनवर पहिला आकडा ६ च्या पुढे असेल तर बराच माल कुठेतरी दाबून नाहीतर बाहेर ठेवावा लागत असण्याची शक्यता मोठी, नक्की नाही, कारण कबूल केलेली सगळी मेमरी वापरात असतेच असं नाही.

मग त्याच खिडकीतून रिसोर्स मॉनिटर उघडा, मेमरीचा टॅब, "हार्ड फॉल्ट्स" हा रकाना. डिस्कवरून पान आणावं लागलं की एक हार्ड फॉल्ट. प्रोग्राम उघडताना हा आकडा उसळतोच, कारण त्याची स्वतःची फाइलही डिस्कवरूनच येते, ते साहजिक आहे. काहीही नवीन उघडत नसताना तो मिनिटभर वर राहिला तर रोग पेजिंगचा. रकान्यात वरती कोणाचं नाव आहे तेही लिहून घ्या.

लिनक्सवर टर्मिनलमध्ये व्हीएमस्टॅट आणि पुढे १ द्या. एसआय आणि एसओ असे दोन रकाने दिसतील. एसओ म्हणजे बाहेर गेलेलं, अधूनमधून वर गेलं तर सोडून द्या. एसआय म्हणजे परत आणलेलं. ते सलग वाजत राहिलं तर तुमचं दुखणं तेच.

तिसरी: ब्राउझर

बहुतेक वेळा गुन्हेगार इथेच सापडतो, म्हणून फार लिहीत नाही. क्रोममध्ये मेमरी सेव्हर चालू करा, एजमध्ये स्लीपिंग टॅब्ज. एक्स्टेन्शनं मोजा. कूपन शोधणारी, पीडीएफ बदलणारी, स्क्रीनशॉट काढणारी, कुणी टाकली ते कुणालाच आठवत नाही, ती काढा. ब्राउझर बंद केल्यावरही मागे चालू राहण्याची खूण असते, तीही काढा. व्हॉट्सअ‍ॅप ब्राउझरमध्ये आणि वेगळ्या अ‍ॅपमध्ये, दोन्हीकडे उघडं ठेवायची सवय ऑफिसांत फार आहे. एक ठेवा.

चौथी: दोन अँटिव्हायरस आणि रॅम साफ करणारे

मोफत मिळालेला एक आणि मुदत संपलेला दुसरा, असे दोन अँटिव्हायरस मी कितीतरी मशीनांवर बघितलेत. एकच ठेवा. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर पुरे.

रॅम मोकळी करून देतो म्हणणारी जी कुठली युटिलिटी असेल ती आजच काढा. ती सगळ्या प्रोग्रामांची पानं जबरदस्तीने बाहेर काढते. आकडा एकदम खाली येतो, बघायला बरं वाटतं. पुढच्या क्लिकला तीच पानं परत आणावी लागतात, म्हणजे जो त्रास टाळायचा तोच ती दर दहा मिनिटांनी स्वतः करते.

पाचवी: सी ड्राइव्ह आणि पेजफाइल

पेजफाइल सी ड्राइव्हवर असते आणि गरजेप्रमाणे फुगते. सी वर जागा नसेल तर फुगणार कुठे? किमान दहा जीबी मोकळी ठेवा. ३२ जीबी ईएमएमसीच्या, म्हणजे बोर्डावरच चिकटवलेल्या साठवणीच्या, छोट्या लॅपटॉपांवर हीच मोठी अडचण असते.

नंतर अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्जमध्ये जाऊन व्हर्च्युअल मेमरी बघा. "ऑटोमॅटिकली मॅनेज" वर खूण हवी. कुणीतरी व्हिडिओ बघून "पेजफाइल बंद करा, मशीन पळेल" हा उपाय करून ठेवलेला असतो. त्याच पतसंस्थेत, दुसऱ्या एका टेबलावर मला तो सापडला. तिथल्या बाईंची तक्रार होती की मशीन हळू नाही, पण एक्सेल मध्येच बंद पडतं आणि "लो ऑन मेमरी" असा निरोप येतो. त्यांना मी त्यांच्याच भाषेत सांगितलं: विंडोज तारणाइतकंच कर्ज देतं. रॅम आणि पेजफाइल मिळून तारण. पेजफाइल काढलीत तर तारण निम्म्यावर आलं, मग वापरात असो वा नसो, नवं कर्ज नामंजूर. त्यांना लगेच पटलं.

सहावी: डिस्कची तब्येत. इथे घाई करू नका

ही तपासणी मी पूर्वी शेवटी करायचो. एका कर सल्लागाराच्या मशीनला रॅम वाढवून दिली, पैसे घेतले, आणि पंधरा दिवसांत डिस्क मेली. पेजिंग समजून मी ज्या रोगावर औषध दिलं तो रोगच नव्हता. तेव्हापासून पैशाची गोष्ट काढण्याआधी डिस्क बघतो.

ओळखायची खूण: टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा "अ‍ॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम" हजार-दोन हजार मिलिसेकंदांवर जातोय, पण हार्ड फॉल्ट जवळजवळ नाहीतच. म्हणजे पानांची मागणी नाही, तरी डिस्क धापा टाकतेय. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम चालवा. लिनक्स मिंटमध्ये डिस्क्स नावाच्या अ‍ॅपमध्येच हे दिसतं. तीन ओळी बघायच्या: ०५, सी५ आणि सी६. ०५ म्हणजे खराब होऊन बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न येणारे आणि निर्णयाची वाट बघणारे, सी६ म्हणजे हात टेकलेले. सी५ शून्याच्या वर असेल तर बाकी सगळं थांबवा आणि डेटा दुसरीकडे काढा. अशा डिस्कवर डीफ्रॅग नको, चेकडिस्कची दुरुस्ती नको. आजारी माणसाला जिना चढायला लावण्यासारखं ते आहे.

डिस्क टक-टक असा ठरावीक आवाज करत असेल तर डेटाही स्वतः काढू नका. मशीन बंद करा, वायर काढा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या. "एकदा सुरू करून बघू" यातच उरलेला डेटा जातो.

सातवी: आहे ती रॅम पूर्ण वापरली जातेय का

टास्क मॅनेजरच्या मेमरीतच "हार्डवेअर रिझर्व्ह्ड" हा आकडा बघा. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स थोडी रॅम घेतंच, पण ४ पैकी अर्ध्या जीबीहून जास्त जात असेल तर शोधा. विंडोज ३२ बिटचं असेल तर ४ जीबी पूर्ण वापरताच येत नाही. सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये बूटच्या टॅबवर, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये, "मॅक्झिमम मेमरी"ला कुणी खूण करून ठेवलीय का तेही बघा, ती काढायची. बायोसमध्ये ग्राफिक्सचा वाटा कमी करता येतो, पण बायोसमध्ये कधी गेला नसाल तर राहू द्या.

आठवी: सिस्टिम बदलून फरक पडतो का

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि उत्तर "पडतो, पण" असं आहे.

विंडोज १० पासून, म्हणजे २०१५ पासून, पानं डिस्कवर पाठवायच्या आधी रॅममध्येच दाबून ठेवली जातात. टास्क मॅनेजरमध्ये "इन यूज"च्या पुढे कंसात "कॉम्प्रेस्ड" दिसतं ते हेच. मॅकवर हे २०१३ च्या मॅव्हरिक्सपासून आहे. दाबलेलं पान उघडायला प्रोसेसरचा थोडा वेळ लागतो, डिस्कच्या तुलनेत तो काहीच नाही. म्हणून विंडोज हळूहळू मंदावतं, एकदम झोपत नाही.

लिनक्स मुळात जास्त मोकळा हात ठेवतं. मागेल त्याला हो म्हणतं, सगळे एकदम वापरायला लागणार नाहीत या हिशोबाने. लागले, की आधी धडपड आणि शेवटी ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपली की प्रोग्राम बंद पाडणारा लिनक्सचाच भाग, एकाचा बळी घेतो. धडपडीचा तो काळ लांबतो तेव्हाच माउस थिजतो. "स्वॅप काढून टाकलं की थिजणार नाही" हा गैरसमज आहे. स्वॅप नसेल तर लिनक्स प्रोग्रामांचा कोड असलेली पानं टाकून देतं, कारण ती मूळ फाइलमधून परत आणता येतात, आणि मग तीच पुन्हापुन्हा वाचत बसतं. दिवा तसाच पेटलेला.

यावर औषध आहे झेडरॅम. रॅमचाच एक भाग दाबलेलं स्वॅप म्हणून वापरायचा. २०१४ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नल ३.१४ मध्ये, ते अधिकृतपणे आलं, क्रोमबुकांवर तेच चालतं, आणि फेडोरा या लिनक्सच्या ३३ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, ते आपोआप चालू असतं. मिंट किंवा डेबियन या लिनक्सवर वेगळं टाकावं लागतं, झेडरॅम-टूल्स या पॅकेजने. साधारण दोनास एक दाबलं जातं असं धरा. त्यासोबत स्वॅपिनेस, म्हणजे स्वॅपकडे किती सहज वळायचं ते ठरवणारा आकडा, वाढवा. मूळ ६० असतं, डिस्कच्या स्वॅपला ते ठीक, पण झेडरॅम स्वस्त असल्यामुळे १०० किंवा वरही चालतं. कर्नल ५.८ पासून मर्यादा २०० आहे. "स्वॅपिनेस १० करा" हा सल्ला झेडरॅमसाठी उलटा आहे.

४ जीबी आणि फिरती डिस्क अशा मशीनवर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती आणि झेडरॅम, हे माझ्या अनुभवात विंडोज १० पेक्षा सरस चालतं. कारण पेजिंगच्या हुशारीपेक्षाही साधं आहे: सुरू झाल्या झाल्या ते कमी रॅम खातं, म्हणून पेजिंगची वेळच उशिरा येते. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी आहे, म्हणून ते ४ जीबीवर बसतं, पण मी बसवून देत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे शाळेची मशीनं मी मिंटवर नेली. पतसंस्थेला तसं करता आलं नाही. टॅली, डिजिटल सहीचं टोकन आणि श्री-लिपीत टाइप केलेल्या जुन्या फायली, यांतलं एकही अडलं तर माझा फोन दिवसभर वाजेल. सिस्टिम बदलण्याआधी रोज लागणाऱ्या गोष्टींची यादी करा आणि पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे मशीनवर न बसवता, चालवून प्रिंटरसकट तपासा. लाइव्ह चालवताना वेग मात्र तोलू नका.

नववी: पैसे खर्च करायचे असतील तर

फिरती डिस्क असेल तर आधी एसएसडी, मग रॅम. वाद घालणारे भेटतील. रॅमने पेजिंग कमी होतं हे खरं, पण सुरू होणं, अपडेट, अँटिव्हायरसची तपासणी, हे सगळं त्याच डिस्कवर रांगत राहतं. एसएसडीने पेजिंग होतं तरी जाणवत नाही. "स्वॅपने एसएसडी झिजते" ही भीती ऑफिसच्या कामापुरती मनात आणू नका. एसएसडी आधीच असेल आणि तरी हार्ड फॉल्ट सलग वर असतील, तर मात्र सरळ रॅम.

रॅम घेण्याआधी टास्क मॅनेजरमध्ये "स्लॉट्स यूज्ड" बघा. "फॉर्म फॅक्टर"समोर "रो ऑफ चिप्स" असेल तर रॅम बहुधा बोर्डावरच चिकटवलेली आहे. लॅपटॉपचं डीडीआर३ २०४ पिनांचं, डीडीआर४ २६० पिनांचं, खाच वेगळ्या जागी, एकमेकांत बसत नाहीत. फसगत होते ती डीडीआर३ आणि डीडीआर३एल मध्ये, कारण दोन्ही बसतात. पहिलं दीड व्होल्टचं, दुसरं १.३५ व्होल्टचं, आणि बरेच लॅपटॉप फक्त दुसरंच घेतात. जुन्या पट्टीवर पीसी३एल लिहिलंय का ते बघून तीच मागा. बसवल्यावर रात्रभर विंडोज मेमरी डायग्नोस्टिक किंवा मेमटेस्ट लावून ठेवा. एक जरी चूक दाखवली तरी पट्टी परत करा.

इथून पुढे हात लावू नका: लॅपटॉपचं झाकण उघडल्यावर बॅटरी फुगलेली दिसली, रॅम बोर्डावर चिकटवलेली आहे, पट्टी बदलून आणि नीट बसवूनही पडदा काळा राहतोय, किंवा एकुलती एक प्रत असलेली हिशोबाची फाइल त्या डिस्कवर आहे. दुरुस्तीवाल्याकडे जाताना चार गोष्टी कागदावर लिहून न्या: अडकलेल्या वेळचे कमिटेडचे दोन्ही आकडे, हार्ड फॉल्टचा आकडा, डिस्कचा रिस्पॉन्स टाइम आणि सी५ समोर काय होतं ते. पतसंस्थेत आता हा कागद प्रत्येक मॉनिटरच्या मागे चिकटवलाय, तारखेसकट, आणि मला फोन आला की आधी तोच वाचून दाखवतात.